दोन उड्डाणे की दहा? पुनर्वापराच्या रॉकेटांवरील भाषणे आणि सुनावण्या कशा ऐकाव्यात

शिरपूर येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या काही विद्यार्थ्यांनी मिळून मला पत्र पाठवले आहे. खासगी अंतराळ कंपन्यांच्या प्रमुखांची भाषणे आणि अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढील सुनावण्या ते नियमाने ऐकतात. त्यांचा प्रश्न असा की रॉकेटचा पहिला टप्पा दोन वेळा वापरला की खर्च निघतो असे एक जाणकार सांगतो, तर तितकाच अनुभवी दुसरा माणूस दहा वेळा वापरल्याशिवाय काहीही निघत नाही असे सांगतो. दोघांकडेही आकडे असतात. मग खरे कोणाचे मानावे, आणि खानदेशात बसून हे सगळे ऐकण्याचा आपल्याला उपयोग काय? माझी नोकरीची बहुतेक वर्षे रॉकेट इंजिनांच्या चाचणी-तळावर गेली आणि आता जळगावात राहून मी हा विषय विद्यार्थ्यांना समजावून सांगतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

ज्या दोन विधानांचा उल्लेख तुम्ही केला आहे ती बहुधा ऑगस्ट २०२० मधली असावीत. स्पेसएक्सचे इलॉन मस्क यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले होते की फाल्कन-९ रॉकेटचा बूस्टर, म्हणजे पहिला टप्पा, आणि उपग्रहाला झाकणारे अग्रभागाचे कवच परत आणण्यासाठी वाहनक्षमतेत ४० टक्क्यांहून कमी घट सोसावी लागते, परत आणून पुन्हा सज्ज करण्याचा खर्च १० टक्क्यांहून कमी असतो, आणि त्यामुळे दुसऱ्या उड्डाणाला हिशेब जवळपास बरोबरीत येऊन तिसऱ्याला नक्की फायदा होतो. युनायटेड लाँच अलायन्स या दुसऱ्या अमेरिकी प्रक्षेपण कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांचा अंदाज सरासरी दहा उड्डाणांचा होता. या दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. एकाचे बोलणे एका बूस्टरबद्दल होते, तर दुसऱ्याचे संपूर्ण ताफ्याच्या सरासरीबद्दल, म्हणजे जे बूस्टर समुद्रात पडले, जे एखाद्या जड उपग्रहासाठी जाणूनबुजून टाकून द्यावे लागले आणि जे चाचणीत नापास झाले त्यांनाही धरून. ताफ्यातील सर्वांत जास्त उडालेल्या बूस्टरचा आकडा बातम्यांत येतो. स्पेसएक्सच्या एका बूस्टरने २०२५ मध्ये ३० उड्डाणांचा टप्पा ओलांडला, आणि ही कामगिरी खरोखर थोर आहे. पण खर्चाचा हिशेब सरासरीवर चालतो, विक्रमावर चालत नाही.

आता तो हिशेब आपण स्वतः मांडून पाहू, कारण एकदा तो हाताने केला की पुढची कोणतीही सुनावणी तुम्हाला वेगळी ऐकू येईल. समजा, एकदाच वापरायच्या रॉकेटचा एकूण खर्च १०० एकक आहे, त्यात पहिल्या टप्प्याचे ६० आणि दुसरा टप्पा, कवच व प्रक्षेपणाची व्यवस्था यांचे मिळून ४०. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, मात्र प्रमाण वास्तवापासून फार दूर नाही. असे रॉकेट १०० एकक वजन कक्षेत नेते असे धरा. पहिला टप्पा परत आणायचा असेल तर उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, पाय आणि जाळीदार पंख बसवावे लागतात, त्यामुळे ते ७० एककच वजन नेईल. दर उड्डाणानंतर तपासणी आणि दुरुस्तीला ६ एकक लागतात असे माना. बूस्टर दोन वेळा वापरला तर एका उड्डाणाला ३० अधिक ६ अधिक ४० म्हणजे ७६ एकक खर्च येतो आणि वजन जाते ७०; म्हणजे दर एकक वजनामागे १.०९, अजून तोटाच. तीन वेळा वापरल्यास खर्च ६६ होतो, दर ०.९४ वर येतो आणि फायदा सुरू होतो. दहा वेळा वापरल्यास दर ०.७४ होतो.

आता फक्त एकच आकडा बदला. दुरुस्तीचा खर्च ६ ऐवजी २४ धरा, म्हणजे नव्या बूस्टरच्या किमतीच्या ४० टक्के. बरोबरी साधायला तुम्हाला बरोबर दहा उड्डाणे लागतात. तोच खर्च ३० केला, तर बूस्टर शंभर वेळा वापरूनही बरोबरीच्या खाली कधीच जाता येत नाही, कारण ३० आणि ४० मिळून ७० होतातच. दोन आणि दहा यांतला सारा वाद या एका आकड्यात कसा लपतो ते यावरून दिसेल. म्हणून कोणी पुनर्वापराविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न मनात असावा: दोन उड्डाणांच्या मध्ये त्या यंत्रात काय काय बदलले? चाचणी-तळावर आमचे बरेचसे काम याच प्रश्नाभोवती फिरत असे. इंजिनात दाबाने इंधन ढकलणाऱ्या टर्बोपंपाची बेअरिंगे आणि सील किती वेळा टिकतात, टर्बाइनच्या पात्यांना वारंवार तापण्या-निवण्याने सूक्ष्म तडे कुठे पडतात, केरोसीन जाळणाऱ्या इंजिनात काजळी कुठे साचते, हे सगळे तपासायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा असतो. मिथेनवर चालणारी नवी इंजिने लोकप्रिय होण्यामागे काजळी फारच कमी होणे हे एक मोठे कारण आहे. बोलणारा माणूस या तपशिलात शिरला, तर त्याच्या आकड्यामागे प्रत्यक्ष काम आहे असे समजावे.

माझ्या हिशेबात एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. उपग्रह मुळातच ७० एककांच्या आत बसणारा हलका असेल, तर वाहनक्षमतेतील घट कोणाला सोसावीच लागत नाही. ग्राहकाला दर किलोमागे पैसे मोजायचे नसून एका प्रक्षेपणाचे मोजायचे असतात, आणि मग दुसऱ्याच उड्डाणाला १०० ऐवजी ७६ एककांत काम होते. त्यामुळे वक्ता दर किलोचा भाव सांगतो आहे की दर प्रक्षेपणाचा, हे कान देऊन ऐकावे. पुष्कळदा एकाच भाषणात दोन्ही भाव एकमेकांत मिसळलेले असतात.

यापेक्षाही खोलवरची अडचण त्या ६० एककांत आहे. पहिल्या टप्प्याची किंमत ६० आहे असे आपण गृहीत धरले, पण ती किंमत कारखाना वर्षाला किती टप्पे बनवतो यावर ठरते. धरणगाव किंवा जामनेरकडच्या एखाद्या जिनिंगमालकाला विचारा: यंत्रे, शेड, वीजजोडणी, कुशल कामगार आणि बँकेचे व्याज यांचा बोजा हंगामात किती गाठी निघाल्या त्यावर वाटला जातो, कापूस आला नाही तर उत्तमातले उत्तम यंत्र असूनही गाठीमागचा खर्च दुप्पट होतो. रॉकेटचा कारखाना याच नियमाने चालतो. युरोपच्या एरियन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आलँ शार्मो यांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत हे अगदी मोकळेपणाने मांडले होते. आमच्याकडे वर्षाला हमीची साधारण दहा प्रक्षेपणे असतील आणि एक रॉकेट दहा वेळा वापरता येत असेल, तर आम्ही वर्षाला एकच रॉकेट बनवू, मग कारखान्यातल्या माणसांना काय सांगायचे, असा त्यांचा रोख होता. अनेकांनी त्या विधानाची टिंगल केली. मला ते पुनर्वापराविषयीचे सर्वांत प्रामाणिक विधान वाटते, कारण त्यात वर्षाला किती उड्डाणे हा आकडा उघडपणे मांडलेला होता.

माझे एकूण म्हणणे याच आकड्यापाशी येते. पुनर्वापर फायद्याचा आहे का, या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नाही. वर्षाला किती उड्डाणे होणार, कोण त्यांचे पैसे देणार, हे ठरल्यावरच उत्तर निघते. स्पेसएक्सने २०२४ मध्ये फाल्कन मालिकेची १३० हून अधिक उड्डाणे केली, आणि त्यांतील बहुसंख्य उड्डाणे तिच्या स्वतःच्या, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांसाठी होती. बाजारात तेवढी मागणी नव्हती, म्हणून कंपनीने स्वतःची मागणी स्वतः उभी केली, हा या यशाचा अर्धा भाग आहे आणि भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो. रॉकेट लॅबचे पीटर बेक यांचे उदाहरणही अभ्यासण्यासारखे आहे. त्यांचे इलेक्ट्रॉन रॉकेट लहान असल्याने त्याचा पुनर्वापर करण्यात अर्थ नाही असे ते बरीच वर्षे सांगत. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी ही भूमिका जाहीरपणे बदलली आणि कारण दिले ते खर्चाआधी उड्डाणांच्या संख्येचे: कारखाना न वाढवता अधिक प्रक्षेपणे करता यावीत. सार्वजनिकपणे मत बदलून त्याचे कारण सांगणाऱ्या अभियंत्याचे बोलणे मी नेहमी जास्त लक्ष देऊन ऐकतो.

इतिहासातही याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. अमेरिकेचे स्पेस शटल, म्हणजे अंतराळवीरांना नेऊन परत येणारे यान, १९७० च्या दशकाच्या आरंभी मंजूर झाले तेव्हा त्याच्या आर्थिक समर्थनाचा पाया वर्षाला ५० च्या आसपास उड्डाणे होतील या गृहीतकावर उभा होता. प्रत्यक्षात कोणत्याही एका वर्षात नऊपेक्षा जास्त उड्डाणे झाली नाहीत, आणि तीही १९८५ मध्ये. १९८१ ते २०११ या ३० वर्षांत एकूण १३५. प्रत्येक उड्डाणानंतर मुख्य इंजिने काढून तपासली जात, उष्णतारोधक फरशा एकेक करून पाहिल्या जात, आणि त्या फरशा एका यानावर २४,००० च्या घरात होत्या. शटल पुन्हा वापरले जात होते यात शंका नाही, पण गणितातला उड्डाणांचा आकडा कोसळल्यावर तो व्यवहार आतबट्ट्याचा झाला. तेव्हाच्या सुनावण्यांची कार्यवृत्ते आज कोणालाही वाचता येतात, आणि ती वाचताना जाणवते की उड्डाणसंख्येवर नेटाने बोट ठेवणारे प्रश्न फार थोडे होते.

आता सुनावण्यांकडे वळतो. भाषण आणि सुनावणी यांत मुख्य फरक बोलणाऱ्यावरील जबाबदारीचा आहे. परिषदेतल्या भाषणात वक्ता स्वतःचे प्रेक्षक आणि स्वतःचा विषय निवडतो. संसदेच्या समितीपुढे जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेत दंडनीय अपराध आहे, त्यामुळे तेथे झालेल्या गोष्टींबद्दलची विधाने बरीच जपून केली जातात. परंतु भविष्याविषयीची अपेक्षा चुकली म्हणून ती खोटी साक्ष ठरत नाही, आणि म्हणून समितीपुढे बोललेले असले तरी ‘पुढच्या दोन वर्षांत’ या शब्दांना भाषणातल्यापेक्षा जास्त वजन देऊ नये. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲडलेड येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मस्क यांनी २०२२ साली मंगळावर मालवाहू याने उतरवण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. त्यासाठीच्या मोठ्या रॉकेटचे, म्हणजे स्टारशिपचे, पहिले पूर्ण उड्डाण २० एप्रिल २०२३ ला झाले आणि त्याचा बूस्टर प्रक्षेपण-मनोऱ्याच्या यांत्रिक बाहूंनी प्रथम झेलला तो १३ ऑक्टोबर २०२४ ला. काम झाले आणि ते अद्भुत झाले, मात्र तारखा घोषणेप्रमाणे आल्या नाहीत. त्यामुळे वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: जे उडाले आहे, ज्याला परवाना मिळाला आहे, आणि ज्याचे फक्त आश्वासन आहे.

समितीची बैठक वॉशिंग्टनमध्ये सकाळी दहाला सुरू झाली तर आपल्याकडे तेथील उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे थेट ऐकणे आपल्याला सोयीचे आहे. तरी थेट ऐकण्यापूर्वी साक्षीदारांची लेखी निवेदने वाचा. तोंडी निवेदनाला साधारण पाचच मिनिटे मिळतात, त्यामुळे अडचणीचे आकडे आणि अटी बहुधा लेखी निवेदनात राहतात. त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचे राज्य कोणते ते पाहा. ५ मार्च २०१४ रोजी सिनेटच्या उपसमितीपुढे मस्क आणि युनायटेड लाँच अलायन्सचे मायकेल गॅस शेजारी शेजारी बसून साक्ष देत होते, आणि संरक्षण उपग्रहांची प्रक्षेपणे कोणाला द्यावीत हा विषय होता. दोघांचे भाव जुळत नव्हते, त्याचे एक मोठे कारण असे की प्रक्षेपणाची क्षमता कायम सज्ज ठेवण्यासाठी सरकार जुन्या कंपनीला वेगळी रक्कम देत असे. ती प्रत्येक प्रक्षेपणाच्या किमतीत धरायची की नाही यावर सारा वाद होता. त्या कंपनीचा कारखाना अलाबामा राज्यात आहे आणि अलाबामाचे सिनेटर त्या बैठकीत होते, हे माहीत असले की कोणता प्रश्न का विचारला गेला ते समजते. बैठक संपल्यावर सदस्य लेखी प्रश्न पाठवतात आणि त्यांची उत्तरे काही महिन्यांनी छापील कार्यवृत्तात येतात. नेमकी माहिती कित्येकदा तेथेच सापडते, आणि तोपर्यंत बातमीदार निघून गेलेले असतात.

मोठ्या नावांच्या साक्षींबद्दल एक सावधगिरी सांगतो. १२ मे २०१० रोजी नील आर्मस्ट्राँग आणि युजीन सर्नन यांनी सिनेट समितीपुढे माणसांना अंतराळात नेण्याचे काम खासगी कंपन्यांवर सोपवण्याच्या धोरणाविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या. चंद्रावर चालून आलेल्या माणसांचे ते शब्द होते आणि त्यांमागची कळकळ खरी होती. पुढे ३० मे २०२० ला खासगी यानातून दोन अंतराळवीर अंतराळ स्थानकाकडे निघाले. मात्र यावरून शंका निराधार होत्या असा निष्कर्षही घाईने काढू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये याच कामासाठी दोन कंपन्यांना कंत्राटे मिळाली, बोईंगला सुमारे ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला सुमारे २.६ अब्ज, जास्त अनुभवी मानल्या गेलेल्या पहिल्या कंपनीच्या यानातून जून २०२४ मध्ये गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या यानातून परतावे लागले. साक्षीदार किती मोठा आहे यापेक्षा, ज्या मुद्द्यावर तो बोलतो आहे त्याच मुद्द्यावर त्याने काम केले आहे का, हे विचारावे.

सुनावणीची खरी ताकद पाहायची असेल तर ११ फेब्रुवारी १९८६ चे चित्रीकरण पाहा. चॅलेंजर या शटलच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या जाहीर बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बूस्टरच्या सांध्यातील रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि थंडीत ते रबर लवकर मूळ आकाराला येत नाही हे सर्वांसमोर दाखवले. मला त्या प्रसंगाइतकेच महत्त्वाचे वाटते ते अहवालाला जोडलेले त्यांचे परिशिष्ट. शटल नष्ट होण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक. पुढे १३५ उड्डाणांत दोन याने गमावली गेली, हे पाहिले म्हणजे कोणाचा अंदाज जमिनीवर होता ते कळते. आजच्या कोणत्याही कंपनीच्या सुरक्षिततेच्या आकड्याविषयी हाच प्रश्न लागू होतो: हा आकडा कोणी काढला, कचेरीने की तळावरच्या माणसांनी? अमेरिकेत अंतराळ-प्रवाशांच्या सुरक्षिततेचे सरकारी नियम करण्यावर २००४ च्या कायद्याने घातलेली मर्यादा वेळोवेळी वाढवत २०२८ च्या आरंभापर्यंत नेली आहे. तोवर प्रवाशाला धोका समजावून सांगून त्याची लेखी संमती घेणे एवढाच मुख्य आधार आहे. म्हणूनही हे विचारत राहणे गरजेचे आहे.

पर्यावरणाच्या सुनावण्या हा वेगळा प्रकार असून खानदेशातल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते, किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने टेक्सासमधील स्टारशिपच्या तळासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच सुनावण्या दूरस्थ पद्धतीने घेतल्या. रॉकेटप्रेमींची स्तुती आणि किनाऱ्यावरच्या रहिवाशांच्या, पक्षी-अभ्यासकांच्या तक्रारी असे सगळे तेथे ऐकू आले, पण त्या भाषणांपेक्षा निकाल अधिक बोलका होता: जून २०२२ मध्ये ७५ हून अधिक उपाययोजनांच्या अटीवर पुढची वाट मोकळी झाली. एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात तळाखालचे काँक्रीट उखडून दूरवर फेकले गेले, आणि त्यानंतरच्या चौकशीतून ६३ सुधारणा सांगितल्या गेल्या. आमच्या चाचणी-तळावर ज्वाला वळवणारी खळगी आणि पाण्याचा मारा यांशिवाय मोठे इंजिन पेटवण्याचा विचारही होत नसे, त्यामुळे ते चित्र पाहताना मला फार वाईट वाटले. स्टारशिपच्या तळावर पुढे पाण्याचा मारा करणारी पोलादी पाटी बसवली गेली. तुम्ही आपल्या भागातील जनसुनावणीला गेलात तर तेथेही हीच सवय ठेवा: बोलणे ऐका, पण अटींचा कागद मिळवा आणि वर्षभराने तो पुन्हा काढून पाहा.

भारतात मात्र परिस्थिती वेगळी आहे. आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. विज्ञान व तंत्रज्ञान विषयाची स्थायी समिती अंतराळ विभागाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, पण आपल्याला दिसतो तो तिचा सभागृहात मांडलेला अहवाल. त्यामुळे भाषणांपेक्षा अहवाल, मंत्रिमंडळाची निवेदने आणि प्रश्नोत्तरे वाचण्यावर भर द्यावा लागतो. इस्रोच्या कामातही वर सांगितलेले तीन भाग लावून पाहा. जे उडाले आहे ते असे: २३ मे २०१६ चे पंखयुक्त यानाचे पहिले उड्डाण, आणि कर्नाटकात चित्रदुर्गजवळ २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ व २३ जून २०२४ या दिवशी हेलिकॉप्टरने सुमारे ४.५ किमी उंचीवरून सोडलेल्या यानाने स्वतःहून धावपट्टीवर उतरून दाखवणे. ही कामगिरी उत्तम आहे, पण कक्षेतून परतणे त्याहून फार वेगळे. फाल्कनचा पहिला टप्पा वेगळा होतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण २ ते २.५ किमी असतो, तर कक्षेतला वेग ७.८ किमीच्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने कक्षेतून येणाऱ्या यानाला दर किलोमागे दहा ते पंधरा पट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. वर्तमानपत्रांतील मथळे हे दोन्ही एकाच ओळीत बसवतात, तुम्ही बसवू नका.

ज्याला मंजुरी मिळाली आहे ते पुढच्या पिढीचे प्रक्षेपक, एनजीएलव्ही. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीजवळच्या कक्षेत कमाल ३० टन वजन, पुन्हा वापरता येणारा पहिला टप्पा, तीन विकास-उड्डाणे आणि ९६ महिने अशी त्याची रूपरेषा आहे. निवेदनात असेही आहे की इस्रोच्या आजच्या सर्वांत ताकदवान एलव्हीएम-३ रॉकेटच्या तिप्पट वजन दीडपट खर्चात जाईल. दीड भागिले तीन म्हणजे दर किलोचा खर्च निम्मा. इथे तुमच्या मनात वरचा हिशेब जागा झाला पाहिजे. हा निम्मा खर्च वर्षाला किती उड्डाणे धरून काढला आहे? भारताने २०२३ मध्ये सर्व प्रकारच्या रॉकेटांची मिळून सात प्रक्षेपणे केली, आणि एलव्हीएम-३ ची उड्डाणे २०२५ पर्यंतच्या कोणत्याही वर्षात दोनपेक्षा जास्त नव्हती. मी या प्रकल्पाच्या पूर्णपणे बाजूने आहे, आणि तो यशस्वी व्हावा म्हणूनच हा प्रश्न आज विचारला जावा असे मला मनापासून वाटते. शटलच्या बाबतीत तो वेळेवर नेटाने विचारला गेला नाही.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तरही यातूनच निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतराळ क्षेत्रातील विदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले आणि सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांत १०० टक्के गुंतवणुकीला थेट वाट मिळाली. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदाराने रॉकेटच्या झडपा आणि जोडण्या बनवण्याचे काम घेतले, तर पहिला टप्पा टाकून दिला जाणार की परत येणार यावर त्याच्या मागणीचे स्वरूप ठरेल. टप्पे परत येऊ लागले की नव्या भागांची संख्या घटते आणि तपासणीचे काम वाढते. म्हणून तुमच्यापैकी ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी विनाशविरहित चाचणी, म्हणजे क्ष-किरणांनी व श्राव्यातीत ध्वनीने तडे शोधण्याचे तंत्र, आणि धातूंच्या थकव्याचा अभ्यास पक्का करावा. पुनर्वापराच्या अर्थकारणात तो ६ किंवा २४ चा आकडा ठरवणारी माणसे हीच असतात.

आणि ऐकण्यापलीकडे काही करायचे असेल तर मार्ग मोकळा आहे. खानदेशातून जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार असे चार खासदार लोकसभेत जातात. सदस्याला अंतराळ विभागाला प्रश्न विचारायचा असेल तर किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आपल्या खासदारांच्या कार्यालयाला अधिवेशनाच्या पुरेसे आधी पत्र द्या आणि त्यात चारच गोष्टी विचारा: एनजीएलव्हीच्या दर किलो खर्चाचा अंदाज वर्षाला किती उड्डाणे गृहीत धरून काढला आहे, पहिला टप्पा सरासरी किती वेळा वापरला जाईल असे धरले आहे, दोन उड्डाणांमधील तपासणी व दुरुस्तीचा खर्च नव्या टप्प्याच्या किती टक्के धरला आहे, आणि टप्पा परत आणताना ३० टनांपैकी किती वजन कमी न्यावे लागेल. उत्तर आले की ते चार आकडे वरच्या हिशेबात घाला. एखादा आकडा गाळलेला असेल, तर पुढच्या अधिवेशनात फक्त तेवढाच विचारायला सांगा, आणि पत्राची प्रत मलाही पाठवा.